वास आला नाही

२४ एप्रिल, रात्रीचे पावणेबारा

चिनू सकाळी आला तो पायातले बूटही न काढता दारातच थबकला. म्हणाला, "मावशी, काहीतरी जळतंय." मी धावत ओट्याकडे. गॅस बंद, कुकर केव्हाच उतरवलेला. इस्त्रीचा, मिक्सरचा, अगदी फ्रिजमागच्या बोर्डाचाही वास घेऊन आले. काही नाही. म्हटलं, रात्रभर गाडीत बसून तुझं डोकं भणाणलंय. तर तो खिडकीपाशी गेला आणि तिथूनच म्हणाला, "अगं बाहेरूनच येतोय. आमच्याकडे शेतात राब भाजतात ना, तस्सा."

मीही खिडकीपाशी गेले. नाक वर केलं, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. मला काहीही आलं नाही.

झालं ते एवढंच. पण दिवसभर तेच डोक्यात आहे. दूध नासायच्या आधी मला कळतं. शेजारच्या वाड्यात तूप कढत असलं तर ते दोन मिनिटांत करपणार हे मी इकडून सांगते. ह्या घरात नाक म्हणजे मी. आणि चिपळूणहून आलेल्या पोराला उंबऱ्यावर जे कळलं ते मला तीन आठवडे कळलेलं नाही.

धूर आहे हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. गहू निघाला की दर वर्षी नरवाई पेटते. हार्वेस्टर ओंबी कापून पुढे जातो, खाली हातभर खुंट उभे राहतात, मग एक काडी. परवा ओंकारेश्वरहून इंदूरला परत येताना सिमरोलच्या घाटात अंधार पडला, तर पलीकडच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ, वाकडीतिकडी, कुणी माळ टाकून दिल्यासारखी. सागाची पानं गळून खाली नुसता पाचोळा असतो. त्यात मोहाची फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तो कधीकधी आवरत नाही. हे म्हणाले, "बघ, किती सुंदर दिसतंय." मीही "हो" म्हटलं. काच वर होती, गाडीत एसी होता.

कुरडयांवर काळ्या काड्या पडतात त्याही मी रोज वेचतेच आहे. आज एक मुद्दाम हातात घेऊन पाहिली. चिमटीत धरली की काजळासारखी पसरते, पण धरायच्या आधी तिच्यावर गव्हाच्या काडीचं पेर जसंच्या तसं दिसतं. कुठून उडून आली असेल? देपालपूर, सांवेर, कुठूनही. वेचल्या, ताट झाकलं, कामाला लागले. म्हणजे डोळ्यांना सगळं दिसत होतं. नाकानंच तेवढा राजीनामा दिला होता, आणि तो कुणी मला कळवला नाही.

चिनू म्हणतो, ह्यात विशेष काही नाही. तोच वास सतत असला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, काही मिनिटांतच. अत्तराच्या दुकानातल्या माणसाला अत्तर येत नाही. पटलं. पण फुप्फुसांना असं सोडून देता येत नाही ना.

आणि मग त्यानं दुसरं विचारलं. अगदी सहज, पोह्यांवर शेव घालताना. "आजोबा कधीपासून खोकताहेत?"

मी म्हणाले, "कुठे खोकताहेत?"

तेवढ्यात आतून अण्णा खोकले.

ह्यावर मला काही लिहायचं नाही.

दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून बसलो. पारा चाळिशीच्या वर, आणि कूलर बंद. कूलरचं गणित आजवर माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तो बाहेरची हवा ओढतो, ओल्या वाळ्यातून आत फेकतो, आणि एक खिडकी किलकिली ठेवल्याशिवाय गार होत नाही, नुसतं दमट होतं. म्हणजे गेले तीन आठवडे मी पंप लावून, विजेचे पैसे भरून, बाहेरचा धूर घरात भरत होते. वर आठवड्याला टाकी घासून. वाळ्यात जाडी धूळ अडकते, पण धुरातले कण अडीच मायक्रॉनचे आणि त्याहूनही बारीक. एका केसाच्या जाडीत पंचवीस-तीस सहज ओळीनं बसतील. ते वाळ्याचा सुगंध घेत आत येतात. ह्या कणांची आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५ ची. हे सगळं चिनूनं मोबाइलवरून वाचून दाखवलं. मी म्हटलं, आकडे राहू देत, कूलर लावू की नको ते सांग. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, मग उकाड्यानं मरू का? तो म्हणाला, ते आकड्यांत नाहीये मावशी.

खिडकी उघडली तर धूर, लावली तर भट्टी. असं कोंडून घ्यायला मी काय केलंय? सकाळी उठून ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. गाडीचं गाणं वाजलं की हातातलं टाकून धावते. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर, पहिला नंबर म्हणून पाहुण्यांना सांगते. आणि हवा? हवेला कोण झाडू मारणार?

सांवेरच्या आमच्या शेताचं मी ह्यांच्याकडे काढलं. जमीन साडेपाच एकर, बटाईला दिलेली, बटाई वेळेवर येते. तिथली नरवाई पेटवली का, म्हणून विचारलं. हे म्हणाले, "मला काय माहीत." पाच एकरांवर १५,००० दंड आहे, दोनाच्या आत असतं तर २,५००. ह्यांना दंडाचे आकडे मात्र बरोबर माहीत होते. मागे बटाईवाला मला म्हणाला होता, गव्हामागून पेरायचा मूग साठ-पासष्ट दिवसांचा, पाऊस जूनच्या मध्याला, शेत कधी मोकळं हवं ते आता तुम्हीच मोजा. तेव्हा मी मोजलं नव्हतं.

असो.

खरी पंचाईत रात्रीची. दिवसा ऊन जमीन तापवतं, हवा वर जाते, धूरही तिच्याबरोबर पांगतो. सूर्य गेला, जमीन निवली की गार हवा खाली बसते आणि धूर तिच्यात अडकून आपल्या उशाशी येतो. म्हणजे खिडक्या उघडाव्यात अशी जी वेळ, तीच धुराची. आणि अण्णांना रात्री खिडकी उघडी लागते. अवधची संध्याकाळ, बनारसची सकाळ आणि माळव्याची रात्र, हे त्यांनी आयुष्यभर प्रत्येक पाहुण्याला ऐकवलंय. खोलीत एसी आहे, जुना, खिडकीतला. पण तो लावला की "मला काय शवागारात ठेवलंयस का" म्हणतात. आज दहा वाजता मी खिडकी लावली. त्यांनी उठून उघडली. मी लावली. मग त्यांनी काही म्हटलं नाही, भिंतीकडे तोंड करून झोपले.

देवापुढची उदबत्ती आणि संध्याकाळचा धूपही आजपासून बंद केलाय. बाहेरचा धूर कमी आहे म्हणून घरचा कशाला. ते सांगितल्यावर अण्णांनी माझ्याकडे पाहिलं ते

झोपते आता.

२७ एप्रिल, संध्याकाळ

घर आता तहात गेल्यासारखं आहे. चिनूनं प्युरिफायरचा सुटा फिल्टर मागवला, चौकोनी, आणि टेबल फॅनच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीनं डकवला. कडेला पुठ्ठा. दिसायला भयंकर. मोटर तापते का म्हणून मी दर तासाला पाठीवर हात ठेवून बघते, तापातल्या पोराला बघतात तसा. एसीला डावीकडे एक खटका असतो, बाहेरची हवा आत घेण्याचा. तो गेली अकरा वर्षं उघडाच होता म्हणे. लावला. दाराखालच्या फटीत ह्यांचा जुना पंचा. केर काढणं बंद, नुसती ओली फरशी. फोडणीही धुराची निघाली, तेव्हा दोन दिवस दहीभात, कैरीचं पन्हं आणि काल चिनूनं बाहेरून आणलेल्या कचोऱ्या. सगळे अण्णांच्या खोलीत मुक्कामाला. एका खोलीपुरतीच हवा सांभाळता येते म्हणून. चार माणसं, एक पलंग, तीन गाद्या, लग्नघरासारखं. अण्णांना एसी आता चालतो, कारण कुणीतरी सारखं पत्ते खेळायला असतं. खोकला आहे, कमी आहे. मी मोजते. काल रात्री अकरा ते पाच सात वेळा. डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय, तो ते "माझा कूलर" म्हणतात.

फिल्टर पांढरा शुभ्र आला होता. आज उलटा करून पाहिला तर चहाच्या जुन्या गाळणीचा रंग आणि घड्यांच्या कडांना काळसर रेघा. चिनूला आनंद झाला. मला तो बोटानं पुसून पाहावासा वाटला, पाहिला नाही.

दुपारी बँकेत गेले होते, अण्णांच्या पेन्शनचं. थंडगार हॉल, सर्व्हर बंद, दीड तास बसवून ठेवलं. एरवी भांडले असते. बाहेर पडून रिक्षात बसले आणि राजवाड्याच्या अलीकडे कुठेतरी एकदम आला. वास. जळक्या काडीचा, जरा गोडसर, जरा कडू, घशात मागे बसणारा. अगदी राबच. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भिया, धुएँ की बास आ रही है ना?" तो म्हणाला, "कहाँ?" त्याच्याकडे मी ज्या नजरेनं पाहिलं, ती मला चांगलीच ओळखीची होती.

इतका आनंद झाला म्हणून सांगू! पन्नाशी उलटलेली बाई, तोंडाला एन-९५, तो खाली ओढून धुराचा वास घेत हसतेय. घरापर्यंत येत राहिला, जिन्यातही होता. दार चिनूनं उघडलं.

"आला रे मला," म्हटलं, "वास आला."

"कसला?" तो म्हणाला.

मग त्यानं नाक वर केलं. डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. आम्ही दोघं तिथेच पायऱ्यांवर बसून हसलो, दार उघडं टाकून. ते कळल्यावर धावत लावलं.

माझाही आता गेलाच आहे. जेमतेम दहा मिनिटं टिकला असेल.

मघाशी अण्णा त्यांच्या खोलीतून काठी टेकत बाहेर आले, दिवेलागणीला. अख्खा दिवस त्या बंद खोलीत होते. हॉलच्या मधोमध थांबले, देव्हाऱ्याकडे वळून नाक जरा पुढे केलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलले.

"लावलास वाटतं शेवटी धूप?"

मी "हो" म्हटलं.

त्यांनी काठी बगलेत धरली आणि हात जोडले.