औषधाचे नाव : पाणी

सायखेड्याच्या अलीकडे गोदावरीकाठी माझ्या मामांचा ऊस आणि द्राक्षं आहेत. मार्च लागला की नदीवर पाणवेल, म्हणजे जलपर्णी, दाटते आणि तिच्या मुळ्या मोटारीच्या फुटवॉलला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या नदीतल्या तोंडाला, गुंडाळतात. मग मामा कमरेभर पाण्यात उतरून त्या काळ्या, केसाळ मुळ्या विळ्याने कापत बसतात. मी नाशकात नकाशांचं काम करतो. म्हटलं, ड्रोनने फोटो काढू, संगणकाला पाणवेल ओळखायला शिकवू आणि आधी कुठे हात घालायचा ते ग्रामपंचायतीला नकाशावर दाखवू. ऊन आणि शहराचं सांडपाणी मिळालं की ही वेल दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे पुंजके लहान असतानाच गाठायला हवेत. एवढी साधी गोष्ट होती.

उपग्रहाचे फुकट फोटो आधी बघितले. सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० मीटरचा. धरणावर ठीक आहे, पण काठालगतचा खाटेएवढा पुंजका त्यात दिसायचा कसा?

ड्रोनची नोंदणी १०० रुपयांत झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा मात्र नीट बघा. नाशिकरोडला नोटांचा छापखाना, देवळालीला तोफखाना, गांधीनगरला लष्कराचा विमानतळ, ओझरला एचएएलचा विमान कारखाना. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत पिवळा पट्टा धरतात, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. म्हणून शहरातला पट्टा सोडून दिला. खाली नांदूरमध्यमेश्वरला अभयारण्य, तिकडेही गेलो नाही. मधला आमचा तुकडा हिरवा होता. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. मी खुशीत होतो.

पण गावोगावी रात्रीच्या ड्रोनच्या वावड्या उठल्यापासून लोक दगड घेऊनच बसलेले. सरपंच म्हणाले, "दादा, नियम असंल तुमचा, पण एखादा सरकारी कागद आणा. उद्या कोणी पाडलं तर मी काय सांगू?" बरोबरच होतं त्यांचं. त्या कागदासाठी मी एका कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही, तिथे माझं अजून एक काम अडकलंय.

१० फेब्रुवारीला अर्ज दिला. भाऊसाहेबांनी तो बाजूला ठेवला आणि छापील फॉर्म पुढे केला. शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, पिकाचे नाव, औषधाचे नाव, एकरी मात्रा.

"भाऊसाहेब, हा फवारणीचा आहे. मला फक्त फोटो काढायचेत, नदीचे."

"ड्रोनचा फॉर्म हाच."

पिकाच्या रकान्यात मी 'पाणवेल' लिहिलं, औषधापुढे 'लागू नाही'. बारा दिवसांनी फॉर्म परत : रकाना अपूर्ण. भाऊसाहेब जरा जवळ झुकून म्हणाले, "काहीतरी लिहा हो. पाणी लिहा." मी 'पाणी' लिहिलं. आपल्याच अक्षरात ते वाचताना कसंतरी झालं, पण लिहिलं.

तिथून कागद वरच्या टेबलावर गेला. तीन आठवडे साहेब दौऱ्यावर, मग मार्चअखेर, मग कोणाच्या तरी घरचं लग्न. मी दर मंगळवारी जायचो. त्या जिन्याच्या वळणावर पिंपळाचं एक रोप भिंतीतून आलंय. मी जायला लागलो तेव्हा त्याला चार पानं होती, शेवटी शेवटी अकरा झाली. एप्रिलच्या मध्यावर शेरा आला : 'नदीपात्रात पाणी फवारणीचे प्रयोजन स्पष्ट करावे.'

खिडकीपाशी मी मोठ्याने हसलो. ते हसणं मला महिनाभर महागात पडलं असं माझं ठाम मत आहे. तुम्ही हसू नका. आणि पहिल्याच दिवशी पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या. मी घेतला नव्हता, त्यामुळे दर मंगळवारी पहिली वीस मिनिटं माझा अर्ज होता की नव्हता यावरच जायची. एकदा तर अर्ज कीटकनाशकांच्या फाईलमध्ये सापडला. सापडल्याचा आनंद इतका, की तिथे गेला कसा हे विचारायचंच राहिलं.

मी दीड पान प्रयोजन लिहिलं. मे संपता संपता पत्र मिळालं, मुदत सात दिवस, विषय : 'ड्रोनद्वारे फवारणीबाबत'. तोवर मामांकडे नदीचं पाणी दिसायचं बंद झालं होतं. लहान पुंजके हेरायची माझी सगळी कल्पना त्या हिरव्या गालिच्याखाली गेली.

तरी उडवला. सकाळी सातला. ऊन वर आलं की पाणी चकाकतं आणि फोटो वाया जातात. प्रत्येक फोटोत काठ येईल असं उडवा. उघड्या पाण्यावर जुळवायला खूण सापडत नाही, आणि वारा असेल तर वेलच सरकते. आमच्या जोडलेल्या नकाशात एकच पुंजका दोनदा आला होता. ६० मीटरवरून एका ठिपक्यात दोनेक सेंटीमीटर दिसतं, पानांची गोल ठेवण ओळखायला तेवढं पुरे. इन्फ्रारेडचा कॅमेरा असता तर शेवाळ आणि वेल वेगळी काढणं सोपं गेलं असतं, पण तो आमच्या खिशातला नव्हे.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी रात्री बसून हाताने पुंजके आखले आणि यू-नेट नावाच्या, फोटोतली गोष्ट ओळखायला शिकणाऱ्या मॉडेलला शिकवले. पहिला निकाल मोठ्या ऐटीत मामांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पडद्यावर बोट ठेवलं : "हे आपलं बेशरमाचं रान आहे, काठावरचं. गंगेत कुठंय हे?" गोदावरीला ते गंगाच म्हणतात. बघतो तर मीच चुकीचं आखलं होतं. मॉडेल बिचारं शिकवलं तेच बोलत होतं. मग मामांना शेजारी बसवून सगळं पुन्हा आखलं. दुसऱ्या खेपेला काठावरचं रान गळलं, शेवाळ थोडं राहिलं. आखायच्या कामाला काठावरचा माणूस घ्या, हे मी खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

नकाशा ग्रामपंचायतीत लावला. जुलैत पूर आला आणि नकाशावरची सगळी वेल वाहून सायखेड्याच्या पुलाला अडकली. ते बघायला मात्र ड्रोन लागला नाही.

ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "तुमचा पूर्तता अहवाल बाकी दिसतोय. एकूण किती लिटर लागलं?"