दुपारी तीनचे पाणी

इंदापूर तालुक्यातील एका शेततळ्यात गिफ्ट चिलापी (टिलापिया माशाचे लवकर वाढणारे सुधारित वाण) मरू लागल्याचा निरोप आला, तेव्हा पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत आणि अनेक देशांत चालणाऱ्या आमच्या प्रकल्पातील परदेशी सहकाऱ्यांत एकाच शक्यतेची चर्चा सुरू झाली : टिलापिया लेक व्हायरस. इस्राएलमधील मरतुकीवरून २०१४ मध्ये या विषाणूचे वर्णन झाले, पुढे तो भारतातही आढळला. त्यामुळे शंका रास्तच होती. पण तिच्यात थोडी उत्सुकताही मिसळलेली होती, कारण विषाणू सापडला तर शोधनिबंध होतो आणि पाणी बिघडलेले निघाले तर केवळ अहवाल.

तळे डाळिंबाच्या पाण्यासाठी खोदलेले, प्लास्टिकचे अस्तर घातलेले. खाद्यातील नत्रापैकी साधारण पाव भागच माशाच्या अंगी लागतो. उरलेला बहुतेक अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो, आणि अस्तरामुळे तो शोषून घ्यायला तळाची मातीही नसते. मेलेला मासा उन्हात लवकर निरुपयोगी होतो, म्हणून कडेला तडफडणारेच मासे निवडून त्यांच्या यकृताचे आणि मेंदूचे तुकडे विषाणूच्या चाचणीसाठी आम्ही आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाकले. डोळे गढूळ नव्हते, त्वचेवर व्रण नव्हते. कल्ले मात्र सुजून चिकट झाले होते.

प्रकल्पाच्या नियमावलीनुसार पाण्याचा नमुना सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यानच घ्यायचा असतो, म्हणजे सर्व देशांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. त्या सकाळी आमच्या क्षेत्र सहायकाला सामू, म्हणजे पाण्याचा पीएच, ७.८ मिळाला होता आणि कागदावर तळे निरोगी होते. दुपारी तीन वाजता मी त्याच पाण्यात सामूमापक बुडवला, तर आकडा ९ वर गेला. पाण्यातील हिरवे शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे सामू चढतो, आणि सामू चढला की बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलते. २८ अंश तापमानाला सामू ७.८ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम चार टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच चाळीस टक्क्यांवर जातो. हे पाणी बाटलीत भरून पुण्याला आणले, तर वाटेत सामू बदलतो आणि प्रयोगशाळेतील आकडा त्या तळ्याचा राहत नाही. कळस म्हणजे, खाद्यविक्रेत्याच्या सल्ल्यावरून तळेमालकांनी आदल्या दिवशी चुना टाकला होता, म्हणजे चढलेला सामू आणखी चढवला होता. मासे मरू लागले की चुना, हा सल्ला सामू न मोजता देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

खाद्य बंद करा आणि तळाचे पाणी उपसून विहिरीचे सोडा, असे मी सांगितले. “मॅडम, सकाळी तुमच्याच माणसानं पाणी चांगलंय म्हणून लिहून नेलं,” तळेमालक म्हणाले. त्या नोंदीत खोटे काहीच नव्हते, म्हणून उत्तर देणे अधिक कठीण गेले.

गिफ्ट चिलापी हा मासा स्वतःच आंतरराष्ट्रीय सहकार्यातून घडलेला आहे. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल येथील रानटी चिलापी आणि आशियातील पाळीव वाण फिलिपिन्समध्ये एकत्र आणून, नॉर्वेत सामन माशासाठी विकसित झालेल्या निवड पद्धतीने १९८८ पासून गिफ्ट वाण तयार करण्यात आले. लहान शेतकऱ्याला लवकर वाढणारा मासा मिळावा, हा हेतू बऱ्याच अंशी साधला. ती निवड वाढीसाठी होती. इंदापूरच्या अस्तराच्या तळ्यातील दुपार त्या शास्त्रज्ञांच्या हिशेबात नसणे स्वाभाविक होते, आमच्या हिशेबात ती असायला हवी.

विषाणूची चाचणी नकारात्मक आली आणि पाणी बदलल्यावर मरतूकही ओसरली. नोंदवहीत दुपारचा सामू आणि पहाटेचा प्राणवायू यांसाठी वेगळे रकाने हवेत, असे मी कळवले. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरत असल्याने पहाटे तो सर्वांत कमी असतो. वेळ बदलली तर देशोदेशीची तुलना बिघडेल, असे उत्तर आले. आक्षेप शास्त्राला धरून आहे, मात्र नऊ ते अकराची वेळ ठरण्यामागे गाडी कार्यालयीन वेळेत पुण्याला परतावी, हेही कारण आहे. म्हणून सकाळचा नमुना तसाच ठेवून दुपारी तीनचे मोजमाप तळ्यावरच करावे, असा प्रस्ताव मी आता मांडला आहे. त्याला लागेल एक सामूमापक आणि क्षेत्र सहायकाचा अर्ध्या दिवसाचा भत्ता. त्यांपैकी भत्ता मंजूर होणे अवघड दिसते.