त्याच्या बाबाले नंबर कसा मालूम?

मागच्या शनिवारी सकाळच्या शाळेत पोरांना ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ दाखवला. लय दिवसांचं मनात होतं. आमची शाळा घाटंजी तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. सध्या कापूस वेचणी सुरू आहे म्हणजे हजेरी अर्ध्यावर, मोठी पोरं मायबापासोबत वावरात नाहीतर घरी लहान भावंड सांभाळत, पण पिच्चर आहे म्हटल्यावर वर्ग भरला, दोन पोरी तर कडेवर भाऊ घेऊन आल्या. पिच्चर इराणचा, फारसी भाषेतला, खाली इंग्रजी अक्षरं, म्हणून मी भिंतीपाशी उभा राहून वऱ्हाडीतून सांगत होतो. अर्ध्या तासानं मागून एक पोरगा म्हणाला, सर तुम्ही बसा आता, समजून राह्यलं. आणि खरंच समजत होतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, शेवटही सांगणार आहे, त्याच्याशिवाय बोलताच येणार नाही. 1997 चा सिनेमा, दिग्दर्शक माजिद माजिदी. ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या यादीत नामांकन मिळालेला हा पहिला इराणी सिनेमा. तेहरानमधला अली बहिणीचे, जाहराचे, शिवून आणलेले जोडे भाजीच्या दुकानापाशी हरवतो. घरात माय आजारी, भाडं थकलेलं, बाप चिडलेला, त्यामुळं सांगायची सोय नाही. मग दोघं ठरवतात की एकच जोड दोघांनी घालायचा, तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची. ती शाळा सुटली की धावत येते, गल्लीत जोडे काढून देते, तो पायात सरकवतो आणि धावत सुटतो आणि तरी उशीर होतो तो होतोच. पुढं शाळांची चार किलोमीटरची शर्यत असते, तिसऱ्या नंबराला एक आठवड्याचं शिबिर आणि कॅनव्हासचे जोडे. अलीला तिसराच नंबर पाहिजे.

आणि तो पहिला येतो.

इथं आमच्या वर्गात जे झालं ते सांगायला पाहिजे. शर्यत सुरू झाल्यापासून पोरं उभीच होती, सातवीतला एकजण म्हणाला, सर त्याची त रोजच प्रॅक्टिस होत होती ना, बहिणीच्या जोड्यापायी. हे त्याचं त्यानं काढलं, मी सांगितलं नव्हतं. अली पडला तेव्हा सगळे “ऊठ ऊठ” ओरडले, उठून तो सगळ्यांच्या पुढं गेला तेव्हा टाळ्या, आणि मग तो सरांना विचारतो मी तिसरा आलो का, तेव्हा एकदम शांत. कप हातात दिला, फोटो काढताहेत, आणि हा रडतोय. पहिल्या रांगेतली चौथीची पोरगी माझ्याकडं अशी पाहत होती का जणू मीच तो निकाल लावला.

शेवट तर माहीतच असेल. अली घरी येतो, जाहरा अंगणातल्या हौदापाशी असते, त्याच्या तोंडाकडं पाहते, पायाकडं पाहते आणि समजून जाते. आतून लहान बाळ रडल्याचा आवाज येतो, ती जाते. तो फाटलेले जोडे काढतो, मोजे काढतो, पायाला फोड आलेले, पाय हौदात सोडून बसतो आणि पाण्यातले लाल मासे हळूहळू त्याच्या पायांभोवती जमतात. संपला सिनेमा.

लाईट लावल्यावर दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, सर हे काही बरोबर नाही, जोडे त भेटलेच नाही, हा कसला शेवट. दुसऱ्या गटात फक्त एक पोरगी. ती म्हणाली, भेटले ना, बाबाच्या सायकलवर होते, तुम्ही पाह्यलंच नाही.

बरोबर होतं तिचं. शेवटाकडं मध्येच एक छोटासा शॉट आहे, बाजारात बापाची सायकल, सामान लादलेलं, आणि त्या सामानात दोन जोड. एक पांढरा, एक लाल. डोळा लवला की गेला. मी स्वतः हा सिनेमा डीएडला असताना होस्टेलवर सीडी आणून पाहिला होता तेव्हा मला तो शॉट दिसलाच नव्हता, मी कित्येक वर्षं हेच धरून होतो का शेवट दुःखाचा आहे आणि मासे येतात ते त्याची समजूत घालायला. लोक त्या माशांवर लय बोलतात, देवदूत म्हणतात, स्वर्ग म्हणतात, नावातच हेवन आहे म्हणून. म्हणोत. आमच्या पोरांना त्यात नवल वाटलंच नाही. नदीच्या डोहात पाय सोडून बसलं का मासोळ्या येऊन पायाला लागतात, गुदगुल्या करतात, हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. एकानं सांगितलंही, सर फोडाची कातडी खातात त्या, बरं वाटते. मला हा अर्थ देवदूतापेक्षा जवळचा वाटतो. पोरगं थकलंय, पाय जळतायत, पाण्यात बरं वाटतंय, एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

पण आशा जी आहे ती माझ्या मते त्या सायकलवर आहे. आणि त्यातही ती नुसती जोड्यांची नाही, मी नंतर हा शॉट पाहण्यासाठी पुन्हा पिच्चर लावला तेव्हा जे लक्षात आलं ते असं का बापाला हे सगळं ठाऊक असण्याचं काहीच कारण नाही. जोडे हरवले हे दोघांनी शेवटपर्यंत लपवलं, अभ्यास करता करता एकाच वहीवर एकमेकांना लिहून बोलले पण बापाच्या कानावर जाऊ दिलं नाही. फक्त एकदा, बापासोबत शहराच्या श्रीमंत भागात बागकाम मागायला जातात, पैसे मिळतात, येताना बाप खुशीत सायकल चालवतोय, काय काय घेऊ ते बोलतोय, तेव्हा अली हळूच म्हणतो की जाहराचे जोडे फाटलेत, तिला घ्या. घेऊ म्हणतो बाप. आणि लगेच उतारावर सायकलचा ब्रेक जातो, दोघं पडतात, बापाला लागतं. पाहणाऱ्याला वाटतं गेलं ते सगळं, जोडेही गेले, शब्दही गेला.

तो बाप कसा आहे ते विसरू नका. मशिदीची साखर फोडायला घरी आणलेली, समोर ढीग, पोरगी चहा आणून देते, तर त्या ढिगातला एक खडा स्वतःच्या चहात टाकत नाही, म्हणतो ही मशिदीची. असा माणूस “घेऊ” म्हणाला असेल तर तो विसरणार कसा. पडला, जखमा झाल्या, तरी विसरला नाही, आणि अलीनं एकीचेच मागितले होते, यानं दोघांचे आणले.

माझा एक मित्र आहे, तो म्हणतो या असल्या सिनेमात गरिबी गोड करून दाखवतात, दोन जोडे आले म्हणून काय बदललं, भाडं तसंच, मायची पाठ तशीच. त्याचं म्हणणं मी टाकून देत नाही, आमच्या भागात राहणाऱ्या माणसानं तर देऊच नये, इथं एका वर्षाच्या पावसानं घर बसतं हे आम्ही डोळ्यानं पाहिलंय. पण सिनेमा कुठं म्हणतो का भाडं फिटलं? तो फक्त दोन जोड दाखवतो. आणि ज्याच्या घरी दोन जोड ही मोठी गोष्ट असते त्याला त्यात गोड करण्यासारखं काही दिसत नाही, त्याला फक्त हिशोब दिसतो. आमची ती चौथीची पोरगी, जाहराचे जोडे दुसऱ्या पोरीच्या पायात दिसले तेव्हा लाल झाली होती, म्हणे माहे असते त मी काढून घेतले असते. मग जाहरा आणि अली त्या दुसऱ्या पोरीच्या घरापर्यंत मागं मागं जातात, तिचा बाप आंधळा आहे हे पाहतात, आणि एक शब्द न बोलता माघारी फिरतात. आमची पोरगी काहीच बोलली नाही नंतर. गोडवा वगैरे काही नव्हता तिच्या तोंडावर, तिला ते समजलं होतं एवढंच.

तर मी पोरांना तो सायकलचा शॉट पुन्हा लावून दाखवला, थांबवून. सगळे पुढं येऊन भिंतीला चिकटले, कोणी बोट लावून दाखवतंय, हे पाह्य लाल, हे पाह्य पांढरे. दुःखी गट सुखी झाला. मी प्रोजेक्टर बंद करणार तेवढ्यात मागचा तोच पोरगा, मला बसा म्हणणारा, म्हणाला,

“पण सर, त्याच्या बाबाले नंबर कसा मालूम?”

नंबर म्हणजे जोड्यांचा, पायाचं माप. मी उत्तर देऊ शकलो नाही. म्हणजे उत्तर होतं, पण ते पिच्चरमधलं नव्हतं.

आम्ही दोघं भावंडं, बाई म्हणजे माझी बहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. कोरडवाहू पाच एकर, सगळी पऱ्हाटी म्हणजे कापूसच, आणि घरात कोणतीही गोष्ट मागितली का एकच वाक्य, चुकारा झाला का घेऊ. चुकारा म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. कापूस बैलगाडीत भरून बाबा विकायला जायचे, गाड्यांची ही रांग, रात्री तिथंच गाडीखाली झोप, काटा झाला तरी चुकारा हातात पडेल तेव्हा खरा. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात कशी धरते ते सांगायला नको, चप्पल चिखलात रुतली का पाय वर आणि बंद खाली, म्हणून आम्ही चपला हातात घेऊनच शाळेत जायचो, शाळेच्या बोरिंगवर पाय धुवून मग घालायचो. त्या वर्षी माझी एक आणि बाईच्या दोन्ही तुटल्या. बाई तशीच, अनवाणीच, दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जात होती. मी रोज मागत होतो. ती एकदाही बोलली नाही.

मग एका संध्याकाळी बाबा आले, गाडीतून उतरले, पिशवीतून प्लास्टिकच्या सॅन्डलचे दोन जोड काढले, एक माझा एक तिचा, आणि खिशातून पऱ्हाटीच्या दोन काड्या. दोन्ही सुतानं बांधलेल्या. एक काडी माझ्या सॅन्डलमध्ये ठेवून पाहिली, एक तिच्या, दुकानात पाहिलीच असणार पण आमच्यासमोर पुन्हा पाहिली. काडीएवढा पाय. बरोबर बसला. त्या काड्या दोन दिवस त्यांच्या खिशात होत्या, मायनं सदरा धुवायला घेतला तेव्हा मी पाहिल्या होत्या आणि मला वाटलं दात कोरायला असतील.

माप त्यांनी कधी घेतलं हे मी तेव्हा विचारलं नाही. बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

शनिवारी शाळेतून आल्यावर बाईला फोन लावला, ती वणीकडं दिली आहे, त्यांच्याकडंही वेचणीच सुरू, संध्याकाळीच सापडली. मी पिच्चर सांगितला, पोराचा प्रश्न सांगितला, मग म्हटलं बाई, तुले आठवते का त्या काड्या. हसली. म्हणे रात्री माप घेतलं ना, तू मेल्यासारखा झोपला होता, कंदील खाली ठेवून आधी तुह्या पायाले काडी लावली, मग माह्या. मी जागी होती. मले गुदगुल्या झाल्या पण मी हललीच नाही, हलली असती त बाबाले समजलं असतं ना.

मी म्हटलं, मग मले सकाळी सांगतलं काऊन नाही? मी त रोज रडत होतो.

थोडा वेळ काही बोलली नाही, मागं कोणीतरी कापसाचं गाठोडं टाकल्याचा आवाज आला.

“चुकारा झालाच नसता त?” म्हणाली. आणि मग म्हणे नाव पाठव मले त्या पिच्चरचं, पोट्ट्याइले दाखवतो.