शेजारच्या काकूंना वीज विकायची म्हटलं तर

दुपारी घरात कुणी नाही, छतावरचं सोलर जोरात, आणि भिंतीपलीकडे काकूंचा एसी चालू, मग त्यांना चार युनिट विकली तर बिघडलं कुठे? पण बऱ्याच देशांत वीज विकली की तुम्ही सप्लायर, म्हणजे लायसन्स आलंच (चार युनिटसाठी!). युरोपियन युनियनने २०१८ च्या डायरेक्टिव्हमध्ये (सदस्य देशांनी पाळायच्या कायद्यात) हा पीअर-टू-पीअर, म्हणजे ग्राहकाने थेट ग्राहकाला विकायचा व्यवहार चक्क हक्क म्हणून लिहिलाय, ते बरं केलं. खरी मेख वायरीची आहे, कारण वीज तशीही जवळच्या लोडकडेच (वीज खाणाऱ्या उपकरणाकडेच) जाते, तुमची-माझी असा शिक्का तिच्यावर नसतो, सगळा हिशोब स्मार्ट मीटरचा, आणि ग्रिडवाला म्हणतो वायर माझी, भाडं द्या. पाच मीटर अंतरासाठी पूर्ण भाडं? मला नाही पटत.