गोव्यात ब्रुअरी काढायला जाताय? आधी नळाखाली थर्मामीटर धरा

कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, बांदा. रस्त्याबद्दल एवढंच. गाडी चालवता येत असेल तर पोचाल.

मी आणि माझा मेव्हणा, मे महिन्याचा दुसरा आठवडा, सहा दिवस. काम एकच : बार्देशात किंवा पेडण्यात ५०० लिटरची छोटी ब्रुअरी टाकता येईल का ते बघणं. पुण्यात २००९ साली डूलॅली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हा मी तिथे नोकरीला होतो, ताज्या बिअरचं वेड तिथलं. मेव्हण्याचं शिरोलीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि दुसऱ्याच्या वेल्डिंगला नावं ठेवणं हा त्याचा मुख्य व्यवसाय. म्हणजे स्टीलच्या टाक्या बघायला माणूस योग्य होता. फसलो ते दुसरीकडेच.

ज्या गृहस्थाच्या भरवशावर निघालो त्याचं नाव घेत नाही. 'ब्रुअरी दर्शन आणि लायसन मार्गदर्शन' म्हणून त्याने १८,००० रुपये आगाऊ घेतले. चार ब्रुअऱ्या, मालकांशी गाठभेट, सगळं ठरलेलं. प्रत्यक्षात पहिल्या ठिकाणी बंद फाटकासमोर उभं करून आमचाच फोटो काढला. दुसऱ्या ठिकाणी वॉचमनने पाणी पाजलं. तिसरी 'ब्रुअरी' म्हणजे म्हापशाजवळचा एक बार निघाला, आणि तिथे या गृहस्थाची जुनी उधारी असावी असं वेटरच्या चेहऱ्यावरून वाटलं. चौथी उद्या. उद्या फोन बंद.

जाता जाता त्याने एक जागाही दाखवली होती. विहीर, फणस, जुनं कौलारू गोदाम. मेव्हणा तर पत्र्याचं माप घ्यायलाच लागला. मी सात-बारा मागितला तर म्हणाला, इथे एक-चौदा असतो. खरंच असतो. तो उतारा काढला तेव्हा त्यात कुळाच्या रकान्यात एक नाव स्वच्छ दिसत होतं. आपल्याकडची माणसं फक्त मालकाचं नाव वाचतात. गोव्यात कुळाचा रकाना आधी वाचा, जागेवर कुणी मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का ते शेजारी विचारा, सनद, म्हणजे बिगरशेतीची परवानगी, झालीय का बघा, आणि मगच फणसाकडे बघा. पंचायतीत जाऊन बसायची तयारी नसेल तर औद्योगिक वसाहतीतला गाळा घ्या. देखावा नसतो, पण डोकंही शांत राहतं.

तर, तिसऱ्या दिवशी सकाळी जे करायला पहिल्या दिवशीच अक्कल हवी होती ते केलं. दुकानातून गोव्यातल्या बिअरच्या पाच-सहा वेगवेगळ्या बाटल्या घेतल्या. लेबलवर उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहकांसाठीचा नंबर असतोच. फोन लावत सुटलो. दुसऱ्याच फोनवर खुद्द मालक. "उद्या ब्रू डे आहे, सातला या. चपला घालून येऊ नका." पैशाचा विषयसुद्धा नाही. ते १८,००० मला अजून झोपेत आठवतात.

सातला पोचलो. यजमानांनी आधी आमचं कोटेशन मागितलं. हे कोटेशनही त्याच गृहस्थाने मिळवून दिलेलं : ५०० लिटर, 'सगळं धरून', ६२ लाख, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ११ लाख १६ हजार. बिअर जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे हे पैसे पुढे कशातूनही वळते होत नाहीत, तो सरळ खर्च. हे आम्हाला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. यजमान पान उलटत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले. "ग्लायकॉल युनिट कुठाय?" हे गार करणारं यंत्र, फ्रिजसारखं. ते नव्हतंच. फक्त प्लेट चिलर होता, म्हणजे पत्र्यांच्या एका बाजूने गरम रस आणि दुसऱ्या बाजूने पाणी, आणि पुढे बारीक अक्षरात : येणारं पाणी २० अंश. "वीस अंशांचं पाणी गोव्यात कुठे मिळतं मलाही सांगा. मी उद्याच तिथे राहायला जातो."

तेव्हा हसलो. दुपारी हसू जिरलं.

सकाळ सुरळीत गेली. सव्वाशे किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), ६६ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे गरम पाण्यात मुरवणं, मग वर्ट, म्हणजे त्याचा गोड रस, गाळून तासभर उकळी. चोथा उपसायचं काम मेव्हण्याने हौसेने मागून घेतलं आणि वीस मिनिटांत त्याची हौस फिटली. मॅशच्या टाकीच्या छोट्या दारातून फावड्याने गरम चोथा ओढायचा, वाफ तोंडावर, बाहेर मे महिना. पाठ धड असेल तरच या धंद्यात या. चोथा गोठेवाला येऊन नेतो.

पावणेबाराला उकळी संपली आणि वीज गेली. पाच मिनिटांत आली, पण ग्लायकॉलचा कॉम्प्रेसर काही परत सुरू होईना. उकळता वर्ट केटलमध्ये, यीस्ट तयार, आणि थंड करायला फक्त गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी. मेव्हण्याने नळाखाली थर्मामीटर धरला : ३१. प्लेट चिलर हा काही फ्रिज नव्हे, पलीकडून जाणाऱ्या पाण्यापेक्षा वर्ट थंड होऊच शकत नाही. बाहेर येणारा वर्ट ३५ अंशांवर अडकला. पाण्याचा जोर वाढवला, वर्टचा कमी केला. ३५. मेव्हणा दर मिनिटाला आकडा वाचत होता, जणू जोरात वाचला तर उतरेल.

एल जातीच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश हवेत. ३५ ला टाकलं तर बिअर होते, पण नेलपॉलिशचा वास मारते आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरते. कोमट वर्ट तसाच ठेवावा तर जंतूंची मेजवानी. केटलमध्ये गरम ठेवावा तर हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा चढत जातो आणि उकडलेल्या मक्याचा वास धरू लागतो. तिन्हीकडून वाट बंद.

यजमानांनी त्यांच्या ब्रुअर मंडळींच्या ग्रुपवर चारच शब्द टाकले : ग्लायकॉल गेलं, वर्ट तयार. एकमेकांचे सरळ स्पर्धक ही माणसं, त्याच बारमध्ये बिअरच्या त्याच नळासाठी भांडणारी. मला वाटलं, दोन-चार रडके चेहरे येतील आणि विषय संपेल. वीस मिनिटांत तीन फोन. शिवोलीहून एकाने मेकॅनिक पाठवला. दुसऱ्याने यीस्ट देऊ केलं, कारण उशीर झाला तर आमचं दमेल. आणि तिसरा, साळगावचा, काही न विचारता मालीमच्या जेटीकडे गेला आणि पिकअपमधून मासळीच्या बर्फाच्या लाद्या घेऊन आला. गोणपाटात गुंडाळलेल्या, खाली पाणी ठिबकतंय. उतरताना एवढंच म्हणाला, "पात्रांव, हातोडो खंय?"

पुढची पद्धत लिहून ठेवा. प्लॅस्टिकचं मोठं पिंप, त्यात बर्फ फोडून आणि पाणी, आत सबमर्सिबल पंप, त्याची नळी चिलरच्या पाण्याच्या तोंडाला, आणि परतीचं पाणी पुन्हा पिंपात. बर्फाला सुरमईचा वास होता. घाबरू नका, ते पाणी प्लेटच्या पलीकडून जातं, वर्टला शिवत नाही. गास्केट मात्र शाबूत हवं. मेव्हणा आकडे वाचत होताच : ३५, ३१, २७. मग बराच वेळ २४. मग २०. कुणीतरी टाळी वाजवली, बहुतेक मीच.

हिशेब केला तर ५०० लिटर ३५ वरून २० वर आणायला सुमारे ९५ किलो बर्फ वितळावा लागतो. वाटेत आणि पिंपात वाया जाणारा धरून दीडशे आणा. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फ कुठून मिळेल हे आधीच विचारून ठेवा. मेकॅनिक चार वाजता आला, कॅपॅसिटर बदलून पाच वाजता गेला. एवढ्याशा डबीने आमचा दिवस खाल्ला. यजमानांनी त्याच संध्याकाळी दोन जादा कॅपॅसिटर मागवले. तुम्ही पहिल्याच दिवशी मागवा.

म्हणून माझं मत ऐका : बघायला जायचं तर मे महिन्यातच जा. डिसेंबरात गोव्यात सगळंच चांगलं चालतं आणि कोटेशनवाल्याचं खरं वाटतं.

बाकी थोडक्यात. गमबूट, गॉगल, जाड हातमोजे आणि अंगभर सुती कपडे घरूनच न्या. कॉस्टिक सोड्याने टाक्या धुताना हाफ पँट घालून उभा राहिलेला माणूस मी बघितला, त्याच्या पोटरीवरचा डागही बघितला. रिकाम्या फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या टाकीत) डोकं घालून वास घेऊ नका, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. इथलं जांभ्याच्या जमिनीतलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, ते कारखान्याला बरं. पण पावसाळ्याआधी आणि नंतर दोनदा तपासा. माल्टची फोडलेली गोणी पावसात आठवडाभरात सादळते. म्हणूनच ही मंडळी गोण्या वाटून घेतात, हॉप्सचं पार्सल एकत्र मागवतात. तुम्हीही घ्या, पण घेतलेलं वहीत लिहा आणि परत करा. यीस्ट मागायला जाताना आपली स्वच्छ बरणी न्यायची, हा अलिखित नियम आहे. ५०० लिटरला दाट यीस्ट चार-साडेचार लिटर लागतं. लोणच्याची बरणी चालणार नाही, वास जात नाही. आणि परतताना बाटल्या गाडीत भरू नका, परमिटशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणता येत नाही आणि सीमेवर डिकी उघडतात.

पाचवा दिवस मोरजीला समुद्रावर. छान होतं. संध्याकाळी सांगोल्ड्याची 'एट फिंगर एडी' आणि लाटंबार्सेची 'माका दी' या दोन बिअर शेजारी ठेवून प्यायलो. मेव्हण्याला दुसरी आवडली. त्याचं कारण चव की नाव, ते त्याने सांगितलं नाही.

६२ लाखांचं कोटेशन फाडलं. मेव्हणा म्हणतो, "दाजी, टाक्या शिरोलीत मी बनवतो, ग्लायकॉल तेवढं विकत घ्या." त्याची वेल्डिंग मी बघितलीय, त्यामुळे विचार चालू आहे.

साळगाववाल्याला बर्फाचे पैसे द्यायला गेलो तर हात मागे घेतला. "पयशे नाकात." म्हणजे नकोत. मग थोडं थांबून विचारलं, कोल्हापूरचा गूळ मिळेल का, चांगला, केमिकल न घातलेला? त्याला एक गडद बिअर करायचीय. तीन ढेपा हव्यात. पाऊस लागला की गुळाला पाझर फुटतो, म्हणून जूनच्या आत पोचवायचाय. रविवारी बाजारात जातोय.