बेळगावीची अक्षरे: दुसऱ्या 'ए'चा गुंता सुटला

गावाच्या इंग्रजी नावातील सगळी अक्षरे ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द शोधायचा, हा माझा छंद. 'बेळगावी'त 'ए' दोनदा येतो, तर दोन्ही 'ए' असलेला शब्द कोणता, या प्रश्नापाशी गेल्या खेपेच्या नोंदीत मी थांबलो होतो; तो मंगळवारी रात्री सुटला. इंग्रजी 'बेळगावी'तील आठही अक्षरे, दोन्ही 'ए' धरून, ज्यात आहेत असा शब्द हाती आला आणि तो अवघ्या नऊ अक्षरांचा निघाला: नॅव्हिगेबल, म्हणजे नौकानयनास योग्य. एन, ए, व्ही, आय, जी, ए, बी, एल, ई. खात्री करून घेण्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याच्या चकत्या मी टेबलावर मांडल्या, गावाच्या नावातील एकेक चकती उचलून शब्दाखाली ठेवत गेलो आणि शेवटी फक्त 'एन' उरला. जवळजवळ पंधरा वर्षे या छंदात असूनही इतका घट्ट बसणारा शब्द मला क्वचितच मिळाला आहे.

जुन्या 'बेलगाम' या स्पेलिंगने आपल्याला कधी त्रास दिला नव्हता. त्यात सात अक्षरे असून एकही दोनदा येत नाही, त्यामुळे सव्वीस खटक्यांची पद्धत पुरेशी पडत असे. शब्दात जे अक्षर असेल त्याचा खटका चालू, नसेल त्याचा बंद, आणि गावाच्या नावाचे सगळे खटके ज्या शब्दात चालू असतील तो शब्द घ्यायचा. अनमॅनेजेबल आणि अनइमॅजिनेबल तसेच मिळाले. वेढा पडणे या अर्थाचा बिलीगरमेंट मिळाला तेव्हा आपल्या किल्ल्याची आठवण होऊन मला विशेष आनंद झाला होता. कंबरदुखीचा लंबॅगो मात्र केवळ 'ई' नसल्यामुळे हुकला. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बदलले, 'ए' दोनदा आला, आणि खटका दोनदा चालू करता येत नाही ही उणीव उघडी पडली. फर्गिव्हेबल आणि व्हर्बलायझिंग हे शब्द यादीत डौलाने येऊन बसले, पण दोहोंत 'ए' एकेकदाच आहे. निदान माझ्या नियमाप्रमाणे तरी हे शब्द बाद आहेत. नावात अक्षर जितक्या वेळा येते तितक्या वेळा ते शब्दात असलेच पाहिजे, या मतावर मी आजही ठाम आहे.

त्यावर उपाय म्हणून मूळ संख्यांची पद्धत घेतली. ए म्हणजे २, बी म्हणजे ३, सी म्हणजे ५, असे करत झेड म्हणजे १०१. शब्दातील सर्व अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला गावाच्या गुणाकाराने भाग द्यायचा. बाकी शून्य उरली तर सगळी अक्षरे त्या शब्दात आहेत, कारण कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. दोन 'ए' असतील तर २ हा अवयवही दोनदा लागतो, त्यामुळे फर्गिव्हेबल आपोआप गळतो. बेळगावीचा गुणाकार १५,०८,६१,८७६ आणि नॅव्हिगेबलचा ६,४८,७०,६०,६६८. भाग दिल्यावर उत्तर नेमके ४३ येते, आणि ४३ म्हणजे 'एन'. टेबलावर उरलेली चकती आणि पडद्यावरचा आकडा एकच असल्याचे पाहून मी पुतणीला झोपेतून उठवले. ती म्हणाली, "काका, मग सर्कमनॅव्हिगेबलसुद्धा यायलाच हवा, तो कुठे आहे?"

तो यादीत नव्हता. नॅव्हिगेबल अख्खाच्या अख्खा ज्याच्या पोटात आहे, तो शब्द गाळला गेला होता. पुढचे तीन दिवस याच एका गोष्टीत गेले. आधी ज्या शब्दयादीत शोध घेत होतो तिच्यावरच संशय घेतला. फुकट मिळालेल्या त्या यादीत अनेक शब्दांच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा होती, ती साफ केली, तरीही शब्द येईना. (अशा याद्या उतरवून घेण्यापेक्षा थोडी लहान पण नीट तपासलेली यादी वापरावी, असे माझे आता पक्के मत झाले आहे.) मग एकेका अक्षराची संख्या कागदावर पुन्हा पडताळली, तीही बरोबर निघाली. अखेर गुणाकारच हाताने केला तेव्हा उलगडा झाला: पंधरा अक्षरांच्या या शब्दाचा गुणाकार अठरा अंकी होतो आणि स्प्रेडशीट पहिले पंधरा अंकच भरवशाने सांभाळते. पुढचे अंक गोल होतात, आणि मग बाकी शून्य येईलच कशी? म्हणजे लांब शब्दांबाबत माझ्या आजवरच्या सगळ्या मूळसंख्या-याद्या संशयास्पद ठरतात, आणि त्या पुन्हा तपासाव्या लागतील.

स्वर आणि व्यंजने यांचे गुणाकार दोन वेगळ्या रकान्यांत ठेवायचे, म्हणजे आकडे लहान राहतील, असा बेत मी केला होता आणि तोच येथे सविस्तर मांडणार होतो. पण वरचा परिच्छेद लिहिता लिहिता लक्षात आले की गुणाकाराची गरजच नाही. शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावावीत, गावाचीही तशीच लावावीत, आणि गावाची अक्षरे त्याच क्रमाने शब्दात सापडतात का एवढेच पाहावे. बेळगावी होते ए, ए, बी, ई, जी, आय, एल, व्ही. प्रत्येक अक्षराच्या आगेमागे तारांकन (म्हणजे 'येथे कितीही अक्षरे चालतील' अशी खूण) टाकून शोध घेतला की नॅव्हिगेबल आणि सर्कमनॅव्हिगेबल दोन्ही येतात, आणि फर्गिव्हेबल दुसऱ्या 'ए'पाशीच अडतो. अक्षरे क्रमाने लावण्यासाठी पुतणीने पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला आहे. मूळ संख्यांचे सौंदर्य मला अजूनही मोह घालते, पण कामासाठी यापुढे हीच पद्धत वापरीन.

नव्या पद्धतीने आसपासची गावेही चाळली. गोकाकला दोन 'के' लागतात, ते बुकमेकिंगने दिले. निपाणी एका 'पी'ने लिहिली तर पेंटिंगमध्ये सामावते आणि दोन 'पी'ने लिहिली तर अपॉइंटिंगमध्ये, तेव्हा दोन्ही स्पेलिंगवाल्यांनी समाधानी व्हावे.

खानापूर मात्र अडून बसले आहे. आपल्या पंख्यावरून इंग्रजीत गेलेल्या पंका या शब्दाच्या 'एच'ने संपणाऱ्या स्पेलिंगमध्ये आठांपैकी सहा अक्षरे आहेत, पण 'आर' आणि दुसरा 'ए' नाही. नेमबाजीच्या कौशल्याला म्हणतात त्या मार्क्समनशिपमध्ये दोन्ही 'ए', 'के', 'एच', 'एन', 'पी', 'आर' सारे काही आहे, नाही तो फक्त 'यू'. रविवारपासून ती एक चकती टेबलावर वेगळी ठेवलेली आहे. तो 'यू'सुद्धा असलेला शब्द कोणाला मिळाल्यास कृपया अक्षरे वर्णक्रमाने लावून तपासावीत आणि मगच कळवावे.