तिनं हात पुढे केला

मंगळवार, रात्रीचे साडेनऊ

आज काहीही बिघडलेलं नाही. हे आधी लिहून ठेवते. घरात शिरल्यापासून सगळे माझ्या तोंडाकडे बघून काय झालं म्हणून विचारताहेत आणि सांगायला जावं तर खरंच काही झालेलं नाही. एका आजींना विनाकारण एक सुई टोचली गेली. तीन मिलीलिटर रक्त वाया गेलं. ट्यूब कचऱ्याच्या लाल पिशवीत गेली. हॉस्पिटलात आम्हाला रक्त घ्यायला शिकवणाऱ्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता कायमचं लक्षात राहील." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्या बाईंचं रक्त घ्यायचं होतं त्या बाथरूमला गेल्या होत्या. शेजारच्या खाटेची चादर बदलत होते, म्हणून तिथल्या आजी घटकाभर यांच्या खाटेवर येऊन टेकल्या होत्या. मी फॉर्म बघितला, खाटेचा नंबर बघितला, नाव वाचलं आणि कोकणीत विचारलं, "तुमीच न्हय?" म्हणजे, तुम्हीच ना?

"हय," आजी म्हणाल्या. बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला.

शीर इतकी सुंदर होती. या वयाच्या बायकांच्या शिरा बोटाखालून सरकतात, सुई लागते न लागते तोच बाजूला होतात. ही कोपराच्या खळगीत सरळ, बोटाला लगेच लागणारी. स्पिरिट सुकू दिलं, पुरते ३० सेकंद. कातडी अंगठ्यानं ताणून धरली. एका टोचणीत रक्त आलं. दंडाला आवळलेला पट्टा, टूर्निकेट, मिनिटाच्या आत सोडला. जांभळ्या झाकणाची ट्यूब न झटकता आठ वेळा हळूच उलटीसुलटी केली. दोन महिन्यांत माझ्याकडून इतकं नीट काम झालं नव्हतं. मला आनंद झाला होता. तो आनंदच आता सगळ्यात जास्त बोचतो आहे.

पेन काढलं, ट्यूबवर नाव लिहिणार, तेवढ्यात ओल्या पायांनी त्या बाई आल्या आणि आपलं रक्त कधी घेणार म्हणून विचारू लागल्या.

फॉर्मवर वय ४६ लिहिलेलं होतं. समोरच्या आजी पंचाहत्तरीच्या तरी असतील. आकडा मी वाचला होता. वाचला होता, पण बघितला नव्हता.

ते रक्त रक्तगट ठरवायला आणि क्रॉसमॅचसाठी, म्हणजे द्यायचं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळतं का ते बघायला, होतं. त्या बाईंचं गुरुवारी ऑपरेशन आहे, लागलंच तर रक्त तयार हवं. साध्या हिमोग्लोबिनचं असतं तर मी कदाचित एवढी हादरले नसते. पण रक्तगट! कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसांच्या रक्ताचे गट असतात हे दाखवून दिलं, तो धडा मला तोंडपाठ आहे. ओ गटाच्या माणसाला ए गटाचं रक्त गेलं तर त्याच्या अंगातली प्रतिपिंडं त्या नव्या पेशी फोडू लागतात, थंडी भरते, कंबर दुखते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, माणूस जाऊही शकतो. हे मी परीक्षेत लिहून आले आहे. आणि आज ट्यूबवर नाव लिहायला माझं पेन उघडलेलं होतं.

एक गोष्ट डोक्यातून जातच नाही. बाकीच्या चुका लॅबमध्ये पकडल्या जातात. सुई नीट नसली, रक्त जोरात ओढलं की पेशी फुटतात, सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून काढल्यावर वर राहिलेलं पाणी, सीरम, लालसर दिसतं, लॅबवाले सॅम्पल परत पाठवतात. ट्यूब नीट हलवली नाही तर गुठळी होते, तीही दिसते. ट्यूबांचा क्रम चुकला, जांभळी आधी भरली आणि तिच्यातलं औषध पुढच्या ट्यूबमध्ये गेलं, तर पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम खाली येतं, आणि जाणत्या माणसाला लगेच शंका येते. पण चुकीच्या नावाचं रक्त अगदी निरोगी दिसतं. मशीन त्याचं उत्तर बरोबर देतं. फक्त ते दुसऱ्याच माणसाचं असतं.

म्हणून तर नियम आहे, आणि तो पहिल्या आठवड्यात शिकवलेला आहे. "तुम्हीच ना अमुक अमुक?" असं विचारायचं नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि गप्प राहायचं. नाव त्यांच्या तोंडून यायला हवं. मग फॉर्म, मग केसपेपरचा नंबर. आणि लेबल रक्त घेतल्यावर तिथेच, खाटेपाशी. निळी, पिवळी, हिरवी, जांभळी, करडी हा क्रम मी बसमध्ये माळ ओढल्यासारखा म्हणत असते. माणसाला नाव विचारणं हे माळेत नव्हतं, म्हणून राहिलं.

दुपारी बसमध्ये फार रडू आलं. बाणस्तारीला माटोळीच्या, गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, बाजारामुळे गाडी तुंबली होती, सगळे उतरून आंबाडे आणि सुपाऱ्यांचे घोस बघत होते, मी खिडकीला डोकं टेकून बसले. वर्गातल्या मुली एकोणीस-वीसच्या. माझं चौतीसावं चालू आहे. साखळीहून सहाची कदंब बस पकडायची म्हणून साडेचारला उठते, डबे भरते, बाबूची वही दप्तरात आहे का बघते. या वयात हे कशाला, असं कोणी म्हणालं की मी उत्तर देते. आज माझ्याच मनानं विचारलं तर उत्तर आलं नाही. चवथ तोंडावर आलेली, घरात रंगाचंही अजून झालेलं नाही, आणि मी... असो. आईलाही फोन करायचा राहिला.

पण मला खरं अडतंय ते आजींच्या "हय"पाशी.

निघण्याआधी मी त्यांच्याकडे गेले होते. कापूस काढून बघितला, निळं पडलं नव्हतं. माफी मागितली. मग राहवेना म्हणून विचारलं, नाव तुमचं नव्हतं तर हो का म्हणालात? त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मीच काहीतरी अवघड बोलत होते. म्हणाल्या, "तूं रगत घेवंक आयिल्लें, हांवें हात दिलो."

तू रक्त घ्यायला आलीस, मी हात दिला. एवढंच. पांढरा कोट घातलेलं माणूस समोर उभं राहिलं, काहीतरी विचारतंय, हो म्हणायचं आणि हात पुढे करायचा. त्यांनी नाव ऐकलंसुद्धा नव्हतं. मी नीट विचारलं नाही हे खरंच. पण नीट विचारलं असतं तरी त्यांनी काय सांगितलं असतं? मी मग खरोखरच विचारलं, आजी, तुमचं पूर्ण नाव काय? त्यांनी पहिलं नाव सांगितलं आणि थांबल्या. पुढचं? हसल्या, पदर तोंडाशी नेला. "घोवाचें नांव कशें घेवचें गो?" नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली म्हणे. मग म्हणाल्या, माहेरचं नाव वेगळं होतं, ते आता कोणी हाक मारायला उरलेलं नाही. आणि लगेच मलाच विचारलं, "तूं कोणाची गो, बाय?"

मला सांगता येईना. सासरचं घराणं सांगू की माहेरचं?

माझ्या बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, म्हणून कोर्सच्या हजेरीत मी त्याच नावाची आहे. पहिले चार दिवस मॅडम ते नाव पुकारत होत्या आणि मी गप्प बसून होते. शेजारच्या मुलीनं कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं की मीच ती. चौदा वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरं नाव लिहिलं होतं. ह्यांनी विचारलं, आवडलं ना? मी हो म्हणाले होते. नाव वाईट नाही. बाबू शाळेच्या फॉर्मवर ते छान वळणदार लिहितो. पण ते वाचून बघायच्या आधीच मी हो म्हणाले होते, हे मला आज, इतक्या वर्षांनी, बसमध्ये आठवलं.

आजींवर रागावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मीही तशीच हात पुढे करत आले आहे. त्यामुळे कोणी "हय" म्हणालं तरी त्यावर विसंबायचं नाही, हे बाकीच्या मुलींपेक्षा मला आधी कळायला हवं होतं. ठीक आहे, आज कळलं. सुई हातात धरायला अजून बराच काळ मिळणार आहे, दोनच महिने झालेत.

वहीच्या पहिल्या पानावर, रंगांच्या क्रमाच्याही वर, लिहून ठेवलं आहे: नाव सांगा. मग थांबायचं. नवऱ्याचं नाव घेत नसतील तर गाव विचारायचं, वाडा विचारायचा, मुलाचं नाव विचारायचं, सोबतच्या माणसाला विचारायचं, केसपेपरचा नंबर जुळवायचा. घाई असली तरी. मागे रांग असली तरी.

त्या बाईंचं रक्त नंतर मॅडमनीच घेतलं. मी ट्रे धरून उभी होते. बाईंनी नाव, बापाचं नाव, गाव, सगळं खणखणीत सांगितलं, आणि मला इतकं बरं वाटलं.

शुक्रवारी माझ्या हिपॅटायटिस बीच्या लशीचा तिसरा डोस आहे. सिस्टर नाव विचारतील. कार्डावर माझं कुठलं नाव आहे ते उद्या आठवणीनं बघायला हवं.